बंद दाराआडचा अर्धा तास

मावशी,
मी २५ वर्षांची. एमबीबीएसनंतर सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडसाठी गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात एका आरोग्य केंद्रात आहे. सात महिने झाले. दिवाळीला बारा दिवस पुण्याला घरी आले. पहिल्याच सकाळी गीझरच्या पाण्याखाली अर्धा तास उभी राहिले आणि रडूच कोसळलं. मग रोज काहीतरी चाललंय. मस्तानी झाली, मेट्रोतून उगाच फेरी झाली, रात्री अकरा वाजता घरी पिझ्झा मागवला. सुख वाटलं आणि तेवढीच शरमही. पर्लकोटेला पूर आला तेव्हा बाळंतिणीला खाटेवर घालून आणणारी माणसं मी पाहिली आहेत. हेमलकसा तर आमच्या शेजारी. तिथल्या डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात वर्षं काढली आणि मी शॉवरला भुलते. आई म्हणते, "तुझा जीव इथेच रमतो, पैसे भर आणि बाँडमधून सूट." निघायला तीन दिवस उरलेत, बॅग भरवत नाही. मी ढोंगी आहे का?
– एक डॉक्टर

प्रिय पोरी,

नाहीस. आणि बॅग आज भरू नकोस, परवा भर.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण ते वाचताना मला सेमाडोह आठवलं. आमचे हे वनखात्यात होते. १९८३ ते ८६ आम्ही मेळघाटात काढली. आंघोळीला बंब पेटवायचा, किराणा परतवाड्याहून आणायचा, आणि पावसात सिपना नदी फुगली की घरात जे असेल त्यावर भागवायचं. पहिल्यांदा गिरगावात माहेरी आले, तेव्हा मी काय केलं असेल? डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या बाकावर बसून कुलाब्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. काहीही काम नव्हतं. त्या बसमध्ये मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं, याचाच मला इतका आनंद झाला होता. तिकडे मी चोवीस तास साहेबांची बायको होते. बाजारात काय घेतलं, कुणाशी बोलले, सगळं गावाला ठाऊक.

तू तर डॉक्टर मॅडम. पावसाळाभर तापाची पोरं येत राहिली असणार. गडचिरोलीतला मलेरिया फार वेळ देत नाही. त्यातला फाल्सिपेरम हा जीवघेणा प्रकार डोक्यात चढला की तासांचा हिशोब असतो, हे मी तुला काय सांगणार! मध्यरात्री दार वाजलं तर उठायचं, जेवताना वाजलं तर हात धुऊन पळायचं. सात महिन्यांनी पहिल्यांदा तू एका बंद दाराआड अर्धा तास होतीस आणि ते दार कुणी वाजवणार नव्हतं. मला वाटतं, रडू त्याचं होतं. पाणी नुसतं निमित्त झालं. शिणलेल्या माणसाला मोकळं व्हायला जागा मिळाली की असंच होतं.

आता शरमेबद्दल. ज्या घरच्यांनी त्या बाळंतिणीला खाटेवर आणलं, त्यांना काय पक्का रस्ता नको होता? कोमट पाणी, रात्रभर टिकणारी वीज, लागणारा फोन हे तिलाही हवंच असणार. तुला जे सुखाचं वाटलं तेच तिला मिळालं पाहिजे, असा अर्थ लाव. ते वाईट असतं तर तिच्यासाठी मागायचं तरी कशाला? आणि हेमलकशाचं म्हणशील, तर १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला तेव्हा कंदील होता कारण वीजच नव्हती. व्रत म्हणून तो कुणी लावला नव्हता. त्या माणसांनी दवाखाना काढला, शाळा काढली, ती लोकांचे हाल कमी व्हावेत म्हणून. त्यांच्या हालांशी आपले हाल ताडून बघण्यात तुझं नुसतंच रक्त आटेल.

आईचं बोलणं मात्र उडवून लावू नकोस. ती तुझे खोल गेलेले डोळे बघते आहे. पण बाँड सोडायचा की नाही हे सुटीच्या शेवटच्या तीन दिवसांत ठरवायचं नसतं, आणि परत गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यातही नाही. ते दोन्ही वेळा मन ताळ्यावर नसतं. महिनाभराने बघ. बाँड पुरा करून पुढे शिकायला शहरात आलीस, तर त्याला पळून जाणं म्हणत नाहीत. भूलतज्ज्ञ किंवा बाळंतपणाची डॉक्टर होऊन पुन्हा तिकडे गेलीस तर सोन्याहून पिवळं. नाही गेलीस, तरी हे वर्ष कुणाच्या तरी उपयोगी पडलेलं आहे.

परत गेल्यावर एक कर. तुझ्या पत्रात तिथल्या एकाही मैत्रिणीचं नाव नाही, आणि ते मला गीझरपेक्षा जास्त खुपलं. तुमच्याकडच्या नर्सबाईंशी किंवा आशाताईंशी बोलून आठवड्यातली एक संध्याकाळ ठरव. अगदी जिवावरचं असेल तरच त्यांनी तुला बोलवायचं. त्या संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात जाऊन बस आणि तिथली माडिया बोली शिक. "कुठे दुखतं" एवढंच शिकून थांबू नकोस, गप्पा मारता येतील इतकी शिक. पुण्याहून नेताना कॉफीचं फिल्टर ने, चार जाड पुस्तकं ने, चांगला टॉवेल ने. बिनदिक्कत ने.

आणि मार्चअखेर आईला बोलावून घे. मोह गळायला लागलेला असेल. पहाटे बायका टोपल्या घेऊन निघतात, तेव्हा तिला त्यांच्याबरोबर पाठव. तू कुठे राहतेस आणि कुणासाठी उठतेस, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहू दे. तिच्यासाठी मच्छरदाणी मात्र वेगळी आणि नवी घे.

तुझी,
मावशी