अंदमानात घाई कशाला?

प्रश्न : मी आणि हे, दोघंही नुकतेच निवृत्त झालो. अंदमानला जायचंय, पण पळापळ नको. ह्यांचे गुडघे दुखतात. काय पाहावं, काय सोडावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : वहिनी, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) आणि नील (आताचं शहीद द्वीप). बस्स! बाकीची बेटं सोडा. सेल्युलर जेल सकाळीच उरका. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिन्यात ह्यांना दम खाऊ द्या. हॅवलॉकचा राधानगर किनारा मात्र संध्याकाळसाठीच. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. 'चहा घेऊन निघू' म्हणालात की संपलं, चारलाच वाळूत बैठक मारा. नीलवरचा निसर्गानंच घडवलेला दगडी पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो आणि वाट खडबडीत, निसरडी. ह्यांना शहाळं देऊन किनाऱ्यावर बसवा, तुम्ही जाऊन या. (फोटो काढायला कुणीतरी भेटतंच.) प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, विमानतळावर अडवतात. आणि परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.