नामांकित कोण, उमेदवार कोण?

प्रश्न आला आहे : ‘रिपब्लिकन पक्षाने मिलवॉकीच्या अधिवेशनात ट्रम्प यांना नामांकित केले’, हे वाक्य बरोबर का?

चूक. बातम्यांत हे रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. मराठीत डॉक्टर नामांकित असतो, शाळा नामांकित असते, म्हणजे नावाजलेली. त्या अर्थाने ट्रम्प कित्येक दशकं नामांकित आहेत. जुलै २०२४ मध्ये २,४२९ प्रतिनिधींची मतं राज्यवार पुकारून पक्षाने ठरवला तो अध्यक्षपदाचा उमेदवार.

काही संस्कृतप्रेमी म्हणतात, नाम अधिक अंकित, मग चूक कुठे? व्युत्पत्तीने अर्थ ठरत असता, तर ‘अंकित’ला मराठीत ‘ताबेदार’ हा अर्थ आलाच नसता. ‘उमेदवार’ फारसी म्हणून टाळायचा, हा हट्ट तर मला अजिबात मान्य नाही. तो शब्द फार देखणा आहे. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. आजच्या इराणात ‘ओमिद’ म्हणतात. जुन्या फारसीतला ‘ए’ तिकडे गेला, आपल्या तोंडी टिकला! त्यातला ‘वार’ही फारसीच, आणि माझ्या मते ‘राज्यवार’, ‘तपशीलवार’ यांतलाही तोच. सोमवारातला वार संस्कृत, त्याचा इथे संबंध नाही.

आशा धरून थांबणं हा अर्थ मराठीने सोडलेला नाही. नवा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करतो, ती हीच. १९२४ साली न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन दोन आठवड्यांहून जास्त चाललं. उमेदवार ठरायला दोन तृतीयांश मतांची अट होती (ती १९३६ मध्ये गेली). मॅकअडू आणि स्मिथ हे दोन प्रमुख दावेदार मतदानाच्या फेरीमागून फेरी अडून राहिले, शेवटी दोघंही बाजूला झाले आणि १०३व्या फेरीत जॉन डेव्हिस ठरले. मूळ अर्थाने त्या अधिवेशनातले खरे उमेदवार मॅकअडू आणि स्मिथ.

आजच्या वापरात अशांना ‘इच्छुक’ म्हणावं. तिकीटवाटपाच्या दिवसांत आपल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी हाच शब्द असतो. अधिवेशनाआधी इच्छुक, नंतर अधिकृत उमेदवार. आणि ‘अध्यक्षपदी निवड’ हे शब्द नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष निवडणुकीपर्यंत, राखून ठेवावेत.