घड्याळाचा पट्टा निघत नाही? आधी सुरी खाली ठेव

अरे, ठाण्याची दमट हवा आणि लोकलमधला घाम, यांनी पट्ट्याची स्प्रिंगवाली पिन गंजून भोकात घट्ट बसते. जोर लावलास तर ओरखडा घड्याळालाच पडणार. पिन धरणाऱ्या दोन्ही कानांवर आधी सेलोटेप चिकटव. टाचणीने शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पिनच्या टोकांशी सोड (चामड्यावर डाग पडेल, पडू दे) आणि रात्रभर थांब. मग स्प्रिंगबार टूलचं (ही पिन काढायचं छोटं हत्यार) दुभंगलेलं टोक पिनच्या खाचेत अडकवून आतल्या बाजूला दाब. कानांना बाहेरून आरपार भोक असेल तर तिथूनच ढकल. तरी हलेना? जुना पट्टा सरळ कापून टाक, पिन उघडी पडते. हे सगळं पारदर्शक पिशवीत हात घालून कर; माझी उडालेली पिन अजून सापडलेली नाही.