आईची बाहुली, मावशीची बाहुली

प्रश्न : माझे आजोबा हातमागावर चादरी विणत आणि आजी बिड्या वळत असे. चादरीच्या उरलेल्या तुकड्यांतून आजीने आई आणि मावशी या आपल्या दोन्ही मुलींसाठी शिवलेल्या दोन बाहुल्या मला जुन्या ट्रंकेत सापडल्या. घराच्या वाटणीपासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. हे नाते बाहुल्यांच्या छायाचित्रांतून मांडावे असे मला वाटते. परंतु गच्चीवर काढलेली छायाचित्रे नुसती गोंडस दिसतात, आणि आई म्हणते, ‘घरातले चव्हाट्यावर कशाला?’ मी काय करावे?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : बाहुलीचा चेहरा बदलत नाही, ही या कामातली अडचण आहे आणि बळही तेच आहे. तिला रडवता येत नाही. म्हणून दोघींमधले अंतर किती, कोणाचे तोंड कोणीकडे आणि कोणाची सावली कोणावर, यांतूनच नाते सांगावे लागते. डेअर राइट या छायाचित्रकार स्त्रीने आपल्या लहानपणीच्या बाहुलीला दोन टेडी अस्वलांच्या सोबत बसवून काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांचे ‘द लोन्ली डॉल’ हे पुस्तक १९५७ मध्ये आले. बाहुलीचे नाव ईडिथ, आणि राइट यांच्या आईचे नावही तेच. आईवडील विभक्त झाल्यावर त्यांचा भाऊ वडिलांकडे गेला आणि बहीणभावांची भेट थेट मोठेपणी झाली. पुस्तकात यातले काहीही सांगितलेले नाही. एकट्या बाहुलीकडे एक वडीलधारे आणि एक लहान अस्वल राहायला येते, एवढीच गोष्ट आहे.

म्हणून वाटणीचे भांडण बाहुल्यांकडून वठवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दोघी बहिणी जिथे खेळल्या असतील तिथे, म्हणजे मागाच्या खोलीत, आजीच्या बिड्या वळण्याच्या सुपाशेजारी, उंबऱ्यावर, बाहुल्या ठेवाव्यात. मागाची एखादी कांडी, म्हणजे सूत गुंडाळायची नळी, घरात उरली असेल तर ती जवळ ठेवून पाहावी. बाहुलीशेजारी कांडी केवढी मोठी दिसते, आणि मोठ्यांचे काम लहान मुलीला जसे भासते तसे ते चित्रात उतरते.

गोंडसपणाचे मुख्य कारण बहुधा हे की आपण उभ्याने, वरून छायाचित्रे काढली असावीत. कॅमेरा जमिनीलगत, बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. गच्चीवरचे भर दुपारचे ऊन टाळून एकाच खिडकीचा तिरपा उजेड घ्यावा. त्यात चादरीची वीण आणि आजीचे टाके उठून दिसतात. इतक्या जवळून छायाचित्र घेताना एक बाहुली स्पष्ट येते आणि मागची धूसर होते. दोघी स्पष्ट हव्या असतील तर ॲपर्चर, म्हणजे भिंगातून उजेड आत घेणारे छिद्र, लहान करून एफ ८ ते एफ ११ ठेवून कॅमेरा तिवईवर बसवावा. मोबाइल असल्यास मागचे सारे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, कारण बाहुलीच्या केसांच्या कडा तो बऱ्याचदा खराब करतो.

आईंच्या प्रश्नाला मात्र तंत्राने उत्तर देता येणार नाही. चव्हाट्याची भीती खरी आहे आणि ती दुखऱ्या जागेतून आलेली आहे. त्यांना प्रकल्प समजावून सांगत बसण्यापेक्षा दोन्ही बाहुल्या त्यांच्या हाती द्याव्यात, ‘तुम्ही दोघी कशा ठेवत होतात?’ एवढेच विचारावे, आणि त्या जशा ठेवतील तसे, काहीही न हलवता, छायाचित्र घ्यावे. त्यांनी नको म्हटले तर त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात आलेली नाही. दोहोंपैकी एक बाहुली मावशींची आहे. छायाचित्रे कुठेही प्रदर्शित करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यायला हवी, आणि त्यासाठी कोणीतरी त्यांच्या दारी जायला हवे. ते काम आपणच करावे. जाताना मोबाइलवर दाखवण्याऐवजी कागदावर छापलेले एक छायाचित्र आणि त्यांची बाहुली सोबत न्यावी, आणि बाहुली परत मागू नये.