पेन-मीटरवर आम्लीकरण दिसणार नाही, पण ही रीडिंग फेकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ खडकांतल्या एका उंचावरच्या डबक्यात पेनासारख्या मीटरने पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; कमी आकडा म्हणजे जास्त आम्ल) मोजला. सकाळी सहाला ७.९२ आला, दुपारी तीनला ८.३१. मीटर दोन्ही वेळा बफरला, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला, लावून घेतला होता. हे समुद्राचं आम्लीकरण (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राचा पीएच घसरणं) म्हणायचं का, आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वर्षभर अशीच रीडिंग घेतली तर चालतील का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, पद्धत बदललीत तर हो.

तुम्हाला दिसला तो डबक्याचा श्वास. रात्रभर शेवाळ, शिंपले, किडे सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पहाटे पीएच उतरलेला असतो. ऊन चढलं की शेवाळ तोच वायू ओढून घेतं आणि पीएच वर जातो. ही घडामोड खरी आहे आणि मोजण्याजोगी आहे. पण मोठ्या समुद्रात जे चाललं आहे त्याचं माप फार बारीक आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजपर्यंत पृष्ठभागाच्या पाण्याचा सरासरी पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हे लॉगचं माप आहे, एक अंक उतरला की आम्लपणा दहापट होतो; एवढ्या घसरणीत हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. हवाई आणि बर्म्युडाजवळ १९८८ पासून नियमित नमुने घेतले जातात. तिथली घसरण वर्षाला ०.००२ च्या आसपास आहे. तुमच्या पेनाची चूक ०.१ धरली, तर तेवढा फरक साठायला पन्नास वर्षं लागतील.

आता पेनातली खरी अडचण. दुकानात मिळणारे ४, ७ आणि १० चे बफर पातळ द्रावणाचे असतात. समुद्राचं पाणी त्या मानाने मिठाने गच्च भरलेलं. एकातून दुसऱ्यात इलेक्ट्रोड (मीटरचं काचेचं टोक) बुडवला की त्याच्या आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला भेटतं तिथलं व्होल्टेज सरकतं आणि मीटर तो फरक पीएच म्हणून दाखवतो. म्हणून सागरी रसायनशास्त्रात कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर वापरतात, ज्याचा पीएच ३५ खारेपणाला आणि २५ अंशांना ८.०९ च्या जवळ असतो. त्यावर लावलेल्या मापाला ‘टोटल स्केल’ म्हणतात. साध्या बफरवरचं रीडिंग त्यापेक्षा ०.१ हून थोडं जास्तच येतं. हे मी पोळून शिकलो. आमच्या वर्षानुवर्षांच्या मोजमापांत एका वर्षी पीएच एकदम खाली आला आणि आम्ही दोन महिने त्याची कारणं पाण्यात शोधत होतो. शेवटी कळलं की मधल्या काळात बफर बदलला होता आणि वहीत कुणी नोंदच केली नव्हती.

तापमानाचंही तसंच. तोच नमुना एका अंशाने तापला तर पीएच साधारण ०.०१५ ने उतरतो. किनाऱ्यावरून कॉलेजात पोचेपर्यंत बाटली पाच अंशांनी गरम झाली, तर हवाईच्या तीस-चाळीस वर्षांच्या घसरणीएवढा फरक वाटेतच पडला.

मग काय मोजायचं? पाण्यातल्या कार्बनच्या चार गोष्टी मोजता येतात: पीएच, एकूण अल्कता, विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब. कुठल्याही दोन नीट मोजल्या आणि तापमान व खारेपणा माहीत असला, की उरलेल्या दोन गणिताने निघतात. त्यासाठी ‘सीओटूसिस’ हा फुकट प्रोग्रॅम आहे. (मराठीत अल्कता आणि क्षारता यांची सर्रास सरमिसळ होते. इथे अल्कता म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. खारेपणा वेगळा.)

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी पसंती अल्कतेला. कारण सोपं आहे: बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडाला किंवा आत शिरला तरी अल्कता बदलत नाही. त्यामुळे नवख्या हाताला ती क्षमा करते. नमुना वजन करून घ्या. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल मिठाच्या द्रावणात बनवा, म्हणजे टायट्रेशनभर (मोजून आम्ल टाकत जाताना) आयनांची दाटी समुद्रासारखीच राहते. आधी पीएच ३.५ च्या आसपास आणा, थोडा वेळ ढवळत हवा सोडून कार्बन डायऑक्साइड घालवा, मग अगदी थोडं थोडं आम्ल टाकत ३ पर्यंत जा आणि प्रत्येक पायरीला मिलिव्होल्ट लिहा. पीएचला दगा देणारा तोच काचेचा इलेक्ट्रोड इथे उपयोगी पडतो, कारण हिशेब व्होल्टेजमधल्या बदलावर चालतो. खुल्या समुद्राचं उत्तर किलोमागे २३०० मायक्रोमोलच्या आसपास येतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्यामुळे ते बरंच उतरेल, म्हणून प्रत्येक बाटलीचा खारेपणा हवाच.

पीएचसाठी इलेक्ट्रोड सोडा आणि रंग वापरा. मेटा-क्रेसॉल पर्पल हा रंग आम्लाकडे पिवळा आणि अल्कलीकडे जांभळा होतो. ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरचा प्रकाश तो किती शोषतो याच्या गुणोत्तरातून पीएच निघतो, आणि रोज बफर लावायची कटकट नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर तुमच्या रसायनशास्त्र विभागात असेलच. नमुन्याचं तापमान मात्र धरून ठेवावं लागतं, आणि रंगात अशुद्धी असली की उत्तर सरकतं. एकाच बाटलीतला रंग वर्षभर वापरा.

यंत्रापेक्षा जास्त डेटा बाटली भरतानाच बिघडतो. नळी थेट तळाला लावा, पाणी हळू सोडा, बुडबुडा येऊ देऊ नका, आणि बाटली भरल्यावर आणखी तेवढंच पाणी वरून वाहू द्या. बादलीत बुडवून गडगड भरलेल्या बाटलीचा पीएच मला नको. जहाजावर नमुना टिकवायला मर्क्युरिक क्लोराइडचा थेंब टाकतात. ते जहाल विष आहे, विल्हेवाटीची सोय नसेल तर हातही लावू नका. बाटली गार आणि अंधारात ठेवून काही तासांत पीएच उरका.

चूक किती चालेल? जगभरच्या निरीक्षकांनी दोन पायऱ्या ठरवल्या आहेत. दशकांचा कल पकडायचा तर पीएच ०.००३ पर्यंत आणि अल्कता २ मायक्रोमोलपर्यंत नेमकी हवी. जागेचा आणि ऋतूचा फरक दाखवायचा तर ०.०२ आणि १० मायक्रोमोल पुरे. तुम्ही दुसरी पायरी धरा. ताळा पाहायला कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने सुरू केलेलं प्रमाणित समुद्रजल वापरतात. ते एखादी बाटली मिळालं तरी भाग्य. तोवर गाळलेल्या समुद्रपाण्याचा वीस लिटरचा कॅन घट्ट बंद ठेवा आणि दर खेपेला त्यातला एक नमुना टायट्रेट करा. तो आकडा हलला तर दोष तुमच्या आम्लात आहे.

तुमचं डबकंही सोडू नका. अमेरिकेत ओरेगॉनच्या नेटार्ट्स बे इथल्या व्हिस्की क्रीक या कालवांच्या पैदास केंद्रात २००७-०८ च्या सुमारास कालवांची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मरत होती. आधी संशय जिवाणूंवर गेला. पाण्याची रसायनं मोजल्यावर दिसलं की खोलातून वर येणाऱ्या, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्यात पिल्लांना शिंपला बांधता येत नाही. त्यांनी पाण्यात सोडियम कार्बोनेट घालायला सुरुवात केली, आणि पाणी शक्यतो दुपारी घेऊ लागले, कारण खाडीतल्या वनस्पती तोवर पीएच वर चढवतात. तुमचे ७.९२ आणि ८.३१ याच जातीचे आकडे आहेत.

आपल्याकडेही तसं पाणी येतं. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या उथळ समुद्रात तळाशी प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी चढतं. सप्टेंबर-ऑक्टोबरला ते सर्वांत तीव्र असतं, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. ओळखीची होडी मिळाली तर त्या दोन महिन्यांत तळाचं पाणी घ्या आणि विंकलर पद्धतीने (तीही टायट्रेशनचीच) विरघळलेला प्राणवायूही मोजा.

पहिल्या उधाणाला एकाच जागेच्या दोन-दोन बाटल्या भरा. दोघींच्या अल्कतेत १० मायक्रोमोलपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका, आधी तो फरक मोडा. आणि आकडे इथे टाकाल तेव्हा तापमान, खारेपणा, वेळ आणि कुठला बफर वापरला ते सोबत लिहा. त्याशिवाय मला ते वाचता येणार नाहीत.