तिकिटावर जाताना पाच तास, येताना चौदा!

प्रश्न (एक वाचक, खानापूर) : मुलगी सप्टेंबरात शिकायला लंडनला निघाली आहे. मुंबई–लंडन अंतर ७,२०० कि.मी., विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास व्हायला हवेत. पण तिकिटावर जाताना दुपारी १ ते संध्याकाळी ६ आहे. डिसेंबरात येतानाचं रात्री ८ ते दुसऱ्या दिवशी सकाळी १०. खरं काय धरायचं?

उत्तर : दोन्हीही नाही. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. जाताना पाचात साडेचार मिळवा, साडेनऊ तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून डिसेंबरात फरक साडेपाच. चौदातून तेवढे वजा केले की साडेआठ उरतात. इथे सवयीनं साडेचारच वजा केले, तर जाणं-येणं सारखंच दिसतं आणि माणूस फसतो.

आता आठाचे साडेनऊ का? ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, बंद असलेली हवाई हद्द टाळून वळसा घेतं. समजा ७,७०० झाले. शिवाय ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. ३०-४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात अधिकच. जाताना तो सरासरी ताशी ५० नं समोरून आला तर ८५० उरतात, म्हणजे नऊ तास. येताना ६० नं पाठीशी आला तर ९६०, म्हणजे आठ तास. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी, चढण-उतरण आणि उतरायचा नंबर लागेपर्यंतच्या घिरट्या यांचा अर्धा तास मिळवा. तिकिटाचे आकडे जुळले.

प्रश्न (एक वाचक, निपाणी) : बेळगाव–दिल्ली हवाई अंतर घरी काढता येईल का?

उत्तर : येईल. बेळगावच्या सांब्रा विमानतळाचं अक्षांश १५.९, दिल्लीचं २८.६. फरक १२.७ अंश, गुणिले १११ (एका अंशाचे सुमारे इतके कि.मी.), म्हणजे १,४१० कि.मी. रेखांशाचा फरक २.५ अंश. उत्तरेकडे रेखांश जवळ येत जातात, म्हणून इथे १११ ऐवजी १०३ धरा : २५७. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा, सुमारे १,४३५ कि.मी. जेटला अडीच तासांच्या आसपास. लंडनसाठी मात्र ही युक्ती वापरू नका, लांबच्या अंतराला पृथ्वीचा गोलावा हिशेब बिघडवतो.

प्रश्न (एक वाचक, चिकोडी) : १४ तारखेला रात्री दीडचं मुंबईहून विमान आहे. १४ ला सकाळी बेळगावातून गाडी धरली तर चालेल?

उत्तर : नाही, तोवर विमान कधीच गेलेलं असेल! १४ चे रात्री दीड म्हणजे १३ ची रात्र उलटून दीड तास. विमानतळावर १३ लाच रात्री साडेदहाला हवं. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि सामान द्यायच्या रांगेतच तासभर जातो. बेळगाव–मुंबई रस्ता सुमारे ५०० कि.मी., बसला दहा-अकरा तास. खंबाटकी आणि खंडाळ्याच्या घाटात ट्रक अडकला तर त्याचा भरवसा नाही. १३ ला सकाळी सहाच्या आत निघा.