गोळी चढलेली असताना पार्किन्सन्स दिसत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी वर्षं समोर आली. तुमच्या नवऱ्याला छत्तिसाव्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं, नंतर तुम्ही दोघांनी 'लव्ह अँड अदर ड्रग्ज' हा सिनेमा पाहिला, आणि तो म्हणाला, "शिकागोतल्या त्या माणसाचं ऐक आणि मोकळी हो." (सिनेमात हा माणूस नायकाला आजारी मैत्रिणीला सोडून जा असं सांगतो.) सिनेमा कितपत खरा आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या मागे लागावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या नवऱ्यालाही हा आजार चाळिशीच्या आत झाला, म्हणून लिहितेय. न्यूरॉलॉजिस्ट, दुसरं मत, फिजिओ हे सुरू केलंच असेल, ते सोडते.

सिनेमा २०१० चा, एडवर्ड झ्विकचा. काळ १९९६ चा. नायक फायझर या औषध कंपनीचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, पुढे व्हायग्रा विकून वर येणारा, आणि त्याची मैत्रीण मॅगी सव्वीस वर्षांची, पार्किन्सन्स झालेली. जेमी रीडी या खऱ्या एमआरच्या पुस्तकावरून तो घेतलाय, पण पुस्तक औषधविक्रीच्या धंद्याबद्दल आहे. मॅगीची प्रेमकथा सिनेमासाठी रचलेली.

त्यातल्या उघड्यावाघड्या दृश्यांना लोक नाकं मुरडतात. मला तीच पटली. आपल्या पडद्यावरची आजारी बाई बहुधा देव्हाऱ्यात जाऊन बसते, तिला इच्छा म्हणून उरत नाहीत. मॅगीला आजारही आहे आणि इच्छाही. माझी तक्रार साच्याबद्दल आहे. आधी सगळी मजा, मग सगळा आजार, मग भांडण, आणि शेवटी नायक बस अडवतो. घरात हे सगळं एकाच दिवसात होतं. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही, गोळी चढली की तोच माणूस जिना उतरून भाजी घेऊन येतो, आणि दुपारी असर उतरला की उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. गोळीचा असर असतो तेव्हा ऑन, उतरतो तेव्हा ऑफ. हे ऑन-ऑफ सिनेमात फारसं येत नाही. लक्षात राहते ती हाताची थरथर.

थरथर म्हणजेच पार्किन्सन्स, या समजुतीने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. दाखला देणाऱ्या कार्यालयात खिडकीवर सांगितलं, "हा आजार यात बसत नाही." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव चक्क लिहिलेलं आहे! ते दाखवल्यावर अर्ज घेतला. तपासणीला नंबर लागला तेव्हा गोळी नेमकी चढलेली. हात पुढे करायला लावले, चार पावलं चालवलं, आणि टक्केवारी ४० च्या खाली लिहून मोकळे झाले. बहुतेक सवलतींची अट ४० टक्क्यांची आहे. दिवसात किती तास हा माणूस जागचा हलू शकत नाही, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. नवऱ्याच्या कंपनीने हलकं काम द्यायला हा दाखला मागितला होता. फेरतपासणी होऊन तो हातात आला तोवर नोकरी गेली होती. आजही लिहिताना संताप होतो.

म्हणून दाखल्याच्या मागे लागाच, आत्ताच लागा. जाण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडून ऑन आणि ऑफ दोन्ही अवस्था, तासांसकट, पत्रावर लिहून घ्या. ऑफमध्ये असतानाचे व्हिडिओ तारखेसह जवळ ठेवा. पण तपासणीसाठी म्हणून गोळी चुकवू नका. लेव्होडोपा, म्हणजे या आजाराचं मुख्य औषध, अचानक थांबवणं धोक्याचं असतं, वेळ मागेपुढे करायची तर डॉक्टरांना विचारूनच. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, आणि नियम बदलत असतात, तेव्हा तिथे गेल्यावर खात्री करून घ्या.

आता "मोकळी हो" बद्दल. शिकागोतला तो माणूस वर्षानुवर्षं बायकोची सेवा करून थकलाय, त्याचं दुःख खरं आहे. पण तुम्ही राहायचं की नाही ते त्याने ठरवायचं नाही, आणि माझ्या मते निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत ते तुम्हीही ठरवू नये. नैराश्य हा या आजाराचाच भाग असू शकतो, त्यावर औषध असतं. पुढच्या भेटीत ते स्पष्ट बोला. आणि सिनेमातला नायक मॅगीला या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे ओढत नेतो, तसं तुमच्याकडे होऊ देऊ नका. मॅगी तिथेच तुटते, ते मला अगदी खरं वाटलं. पुण्याजवळ असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्ण-कुटुंबांच्या गटाशी बोला.

गोळी आणि डाळ-पनीर-अंड्याचं जेवण एकत्र नको, प्रथिनांमुळे लेव्होडोपा नीट शोषला जात नाही. वैद्यांनी खाजकुइलीचं चूर्ण दिलं तर न्यूरॉलॉजिस्टना कळवा, त्यात लेव्होडोपाच असतो. आणि प्रामिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्याच गोळ्या सुरू असताना रात्री-अपरात्री खरेदी, ऑनलाइन जुगार किंवा कामेच्छा एकदम वाढलेली दिसली, तर त्याच्या स्वभावाला दोष देत बसू नका. लाज न बाळगता डॉक्टरांना फोन करा, डोस बदलता येतो.